निशाणी नांगर

वडगाव, ता. चांदवड
१२ जून २०२४

व्यवस्थापक, ख्रिस्ती कबरस्थान, नाशिक यांस
नमस्कार.

मी निवृत्ती गोरक्ष गुंजाळ, वय पंचाहत्तर, सेवानिवृत्त तलाठी. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, फोनचा उपयोग होत नाही, म्हणून पत्र लिहितो.

आमच्या गुंजाळ भाऊबंदांचा मेळावा जानेवारीत ठरला आहे. त्यात वंशावळीची पुस्तिका वाटायची असून ती तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यासाठी त्र्यंबकला आमच्या उपाध्यांकडे जाऊन जुनी नामावळी उतरवून आणली. त्यात शके १८१९ म्हणजे सन १८९७ ची नोंद अशी : माझे पणजोबा मोतीराम यादव, त्यांची स्त्री झुंबर, पुत्र सहादू.

आम्ही मोतीरामच्या दुसऱ्या बायकोचे वंशज. पहिली बायको झुंबर आणि तिचा मुलगा १९०० च्या दुष्काळात पटकीने गेले, असे घरात सांगत आले आहेत. पण मोतीराम १९०९ मध्ये पुन्हा त्र्यंबकला गेले, तेव्हाच्या नोंदीत या दोघांपुढे फक्त 'नाशकास' असा शब्द आहे. त्याच पानावर मेलेल्या माणसांपुढे 'गत' लिहिले आहे. नोकरीत तीस वर्षे रकाने वाचले, त्यामुळे हा फरक मला खटकला.

दुष्काळात नाशिकच्या मिशनने पुष्कळ बायकापोरांना आश्रय दिला होता, असे वाचले. आपल्या दफनाच्या वहीत झुंबर किंवा सहादू गुंजाळ अशी नोंद असल्यास कळवावे. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवले आहे.

आपला,
निवृत्ती गुंजाळ

---

नाशिक
२४ जून २०२४

श्री. गुंजाळ यांस
सलाम.

कबरस्थानच्या वह्या चर्चच्या कपाटात आहेत आणि त्या पाहण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. आधी मी दवाखान्यात नर्स होते. वह्यांची सूची मीच केली. सूचीत गुंजाळ आडनावाचे एकही नाव नाही. सबब आपल्याला हवी ती माहिती देता येत नाही.

एक विचारते, राग मानू नये. जुनी नावे विचारायला लोक येतात आणि ती कशासाठी हवी आहेत हे सगळेच खरे सांगत नाहीत. समजा ती बाई इथे सापडली, तर तुमच्या पुस्तिकेत तुम्ही काय लिहिणार होता? आणि तुमच्या घरात तिच्याविषयी आणखी काय सांगतात?

योगिनी दाविद

---

वडगाव
३ जुलै २०२४

योगिनीबाई यांस
नमस्कार.

राग नाही. सरकारी कागद पाहू देण्याआधी मीही लोकांना हेच विचारत असे.

सापडली तर जे सापडेल ते लिहीन. यापलीकडे काही ठरवलेले नाही.

घरात सांगतात ते असे. त्या वर्षी विहिरी आटल्या, गुरे गेली. मोतीराम बायको आणि तीन वर्षांचा मुलगा घेऊन चांदवडच्या घाटातून पायी नाशिकला निघाले. दोन-अडीच महिन्यांनी एकटेच परत आले आणि दोघे पटकीने वारले म्हणाले. त्यांनी घरात कुणाला जास्त बोलू दिले नाही. दोन वर्षांनी दुसरे लग्न केले. त्या बायकोचा मुलगा सोमा, सोमाचे गोरक्ष, त्यांचा मी.

झुंबर नवरा असताना गेली, म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवते. माझ्या आईने हे केले, आता माझी पत्नी कुसाबाई करते. लुगडे जमले तर लुगडे, नाहीतर खण. लग्न होऊन आली तेव्हा कुसाबाईने विचारले होते, ही झुंबर कोण? माझी आई म्हणाली, आपली थोरली.

सूचीत नाव नाही हे समजले. पण सूची वहीवरून करतात आणि करणाऱ्याला न लागलेले अक्षर सूचीत येत नाही, हा माझा कचेरीतला अनुभव आहे. सन १९०० ची पाने आपण एकदा स्वतः पाहावीत, ही विनंती.

निवृत्ती गुंजाळ

---

नाशिक
२० जुलै २०२४

श्री. गुंजाळ यांस
सलाम.

तुमचे पत्र आले त्याला दोन आठवडे झाले. पाने पाहायला उशीर झाला असे नाही. उत्तर लिहायला झाला.

सोबत एका नोंदीची झेरॉक्स पाठवते. १७ मे १९००. मुलगी, वय नऊ दिवस, बाप्तिस्मा नाही, नाव नाही. आईच्या रकान्यात इंग्रजीत 'झुंबर' एवढेच. नवऱ्याचे नाव : सांगत नाही. शेवटच्या रकान्यात कारकुनाने मोडीत दीड ओळ लिहिली आहे आणि तिच्याखाली शाईचा डाग पडला आहे. मोडी वाचणारे एक पाळक होते, ते माझ्या लहानपणीच वारले. त्यामुळे ही ओळ आजपर्यंत इथे कुणी वाचलेली नाही. तलाठ्यांना जुने दप्तर वाचावे लागत असेल, तर तुम्हाला ती लागेल.

काय लिहिले आहे ते मला जरूर कळवा. जसेच्या तसे कळवा.

योगिनी दाविद

---

वडगाव
२ ऑगस्ट २०२४

योगिनीबाई यांस
नमस्कार.

ओळ लागली. भिंग घेऊन दोनदा वाचली आणि खात्रीसाठी चांदवडच्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडूनही वाचून घेतली. जसेच्या तसे लिहितो :

'बाप मोतीराम बिन यादव गुंजाळ, मौजे वडगांव, तालुके चांदोर, समक्ष हजर. माती दिली. निशाणी नांगर.'

'बिन' म्हणजे अमुक याचा मुलगा. चांदोर म्हणजे चांदवडच. आणि खाली आहे तो शाईचा डाग नव्हे. पूर्वी सही न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढत असे. झेरॉक्स आडवी धरून पाहा. रुमणे, दांडी आणि फाळ दिसेल. हा नांगर माझ्या पणजोबांच्या हातचा आहे. त्यांच्या हातचे दुसरे काहीही आमच्या घरात शिल्लक नाही.

त्यांना एक मुलगीही झाली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिला माती द्यायला ते उभे होते, हेही नव्हते. कुसाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली (तिचे बोलणे मला ओठांवरून समजते), पोटुशी बाई घाट उतरून गेली म्हणायची.

आता मला उलगडा होतो तो असा. बाळ मे महिन्यात गेले, त्यानंतर पटकीची साथ आली असावी आणि झुंबर व सहादू त्याच पावसाळ्यात गेले असावेत. घाईत पुरले असतील, नोंद राहिली असेल. तेव्हा पुस्तिकेत दोघांपुढे 'सन १९०० मयत, नाशिक येथे' असे लिहितो. माझा पुतण्या महेश पिंपळगाव बसवंतला कांद्याचा व्यापार करतो, छपाईचे तोच पाहतो आहे आणि मजकुरासाठी घाई करतो आहे. आपल्याकडून पंधरा तारखेपर्यंत काही वेगळे कळले नाही तर मजकूर त्याच्या हवाली करीन.

आपले उपकार झाले.

निवृत्ती गुंजाळ

---

नाशिक
७ ऑगस्ट २०२४

निवृत्तीभाऊ,

'मयत' लिहू नका. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

झुंबरबाई १९०० मध्ये गेली नाही. ती ११ फेब्रुवारी १९५१ ला गेली, वय अंदाजे त्र्याहत्तर. तिची कबर आमच्या कबरस्थानात पश्चिमेच्या भिंतीजवळ आहे. सहादू १९६८ मध्ये गेला. तो मिशनच्या सुतारशाळेत शिकला आणि जन्मभर सुतारकी केली. त्याचा मुलगा दाविद कंपाउंडर होता. दाविदची मी मुलगी. मला एक धाकटा भाऊ आहे, दिनेश.

माझे पूर्ण नाव योगिनी दाविद वडगावकर. तुम्हाला लिहिताना मी आडनाव मुद्दाम गाळले.

आमचे आडनाव कसे पडले ते आता सांगते. मिशनमध्ये नाव लिहून घेताना कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले. पणजीने सांगितले नाही. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. आडनाव विचारले तर तेही सांगेना, कारण त्याच्या मागे त्याचेच नाव येते. गाव कोणते म्हटल्यावर वडगाव म्हणाली. तिथून आम्ही वडगावकर. बाप्तिस्मा झाल्यावरही तिने ते नाव कधी उच्चारले नाही. माझ्या वडिलांनी लहानपणी फार हट्ट केला, तेव्हा म्हणाली होती, तो नांगरधारी होता, एवढ्यावर भागव.

वडगावे या महाराष्ट्रात किती आहेत ते तुम्हाला तलाठी म्हणून ठाऊक. वडील पंधरा-वीस वडगावांत जाऊन आले. गावात गेल्यावर काय विचारणार? नवऱ्याचे नाव माहीत नाही, जात माहीत असून सांगता येत नाही. लोक पाणी देत आणि कुठून आलात विचारत. एकदा ते चांदवडला उतरून तुमच्या वडगावच्या वाटेलाही लागले होते, पण वाटेत बस बंद पडली आणि ते परतले.

तुमचे पहिले पत्र आले तेव्हा डोक्यावर वडगाव आणि आत झुंबर, सहादू. मी ते वाचून घडी घालून पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवले. गुंजाळ नाव सूचीत नाही असे लिहिले ते खरे होते, पण खरे सांगितले नाही. आधी भीती वाटली. नंतर तुम्ही सवाष्णीचे लिहिलेत, आणि मग फार लाज वाटली. तुम्ही तिला दरवर्षी जेवायला घालत होता, आणि मी तुम्हाला रकाना दाखवत बसले.

आमच्या घरात सांगत आले ते असे : तो बाळाला माती देऊन गेला, पाऊस पडला की नेतो म्हणाला आणि परत आला नाही. मोडीची ओळ कुणाकडून वाचून घेतली नाही याचे खरे कारण हेच. जो परत आला नाही त्याचे नाव कळून काय करायचे, असे माझे आजोबा म्हणत.

योगिनी वडगावकर

---

वडगाव
१४ ऑक्टोबर २०२४

योगिनीताई,

दोन महिने उत्तर लिहिले नाही. आजारी नव्हतो. तुमचा राग आला होता. मी मोडी वाचून पाठवली तेव्हा तुम्ही कोण आहात हे तुम्हाला माहीत होते आणि मला नव्हते, हे मनातून जाईना. आता गेले. गेले म्हणून लिहितो.

मोतीराम परत आले होते की नाही, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पण एक आहे. गावाला त्यांनी बायको मेली म्हणून सांगितले. तसे न सांगते तर मिशनात राहिलेल्या बाईचा नवरा म्हणून पंगतीतून उठवले असते आणि दुसरी बायको मिळाली नसती. पण नऊ वर्षांनी उपाध्यांसमोर बसले तेव्हा 'गत' लिहू दिले नाही, 'नाशकास' लिहायला लावले. म्हणजे दोघे जिवंत आहेत हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असून ते गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने मी बोलणार नाही.

सप्टेंबरात नवमी आली तेव्हा कुसाबाईपुढे मी प्रश्न ठेवला. मोतीराम १९३१ मध्ये वारले, झुंबर त्यांच्यामागे वीस वर्षे जगली, शिवाय ख्रिस्ती होऊन गेली. मग आपण हे करायचे की नाही? ती म्हणाली, "ती जिती व्हती तवा पन्नास वर्सं तिच्या नावानं पान वाढलं. आता खरंच गेली हे, तर आत्ताच का बंद करायचं?" पान वाढले. तुमच्या धर्मात हे बसत नसेल तर क्षमा असावी.

सर्वपित्रीनंतर मारुतीच्या पारावर भाऊबंदांना बसवून सगळे वाचून दाखवले. तुमचे पत्रही वाचले. ते विचारल्याशिवाय वाचले, हे कबूल करतो. एकदोघे म्हातारे खुणेनेच म्हणाले, बरे झाले, कळले. पण महेश उठला आणि त्याचे म्हणणे कागदावर लिहून मला दिले, कारण ओरडून मला समजत नाही. त्याने लिहिले ते देतो : 'आज नाव छापा, उद्या सातबारावर नाव लावायला येतील. हायवेकडची जमीन सगळ्यांच्या डोळ्यांवर आहे. छापाल तर मी छपाईतून बाहेर.' त्याच्या दोन मुली लग्नाच्या आहेत, तेही एक कारण आहे, पण ते त्याने लिहिले नाही.

महेश वाईट नाही. माझा थोरला भाऊ वारला तेव्हा तो अकरावीत होता, शाळा सोडून त्याने शेती सांभाळली. जमीन म्हटली की त्याचे डोके फिरते.

मला काय करावे ते सुचत नाही. तुम्हाला विचारतो.

निवृत्ती

---

नाशिक
४ नोव्हेंबर २०२४

निवृत्तीभाऊ,
सलाम.

परवा दोन नोव्हेंबर, आमचा मृतांचा दिवस. कबरींना चुना दिला, गवत काढले, फुले ठेवली. पणजीच्या कबरीजवळ मी जरा जास्त थांबले आणि तुम्ही लिहिलेली मोडीची ओळ तिला वाचून दाखवली. दिनेश म्हणाला, ताई, तिने जन्मभर टाळलं ते तू मोठ्यानं वाचतेस. मी म्हटले, तिने घ्यायचं नव्हतं, मी घेऊ शकते.

पान वाढल्याबद्दल क्षमा मागू नका. आमच्या पाळकांना मी सांगितले. ते म्हणाले, जेवण वाया गेले नाही ना, मग झाले.

जमीन आम्हाला नको. दिनेशला पेन्शन आहे, मला आहे. त्याची मुलगी पल्लवी बंगळूरला नोकरी करते आणि तिला कांदा फक्त चिरता येतो. हे महेशला सांगा. तो विश्वास ठेवणार नाही, तरी सांगा.

आमच्यासाठी तुमच्या घरात फूट पडू देऊ नका. पुस्तिकेत आम्हाला घालू नका. फक्त त्या दोघांपुढे 'मयत' छापू नका. जागा कोरी राहिली तरी चालेल. आम्ही इतकी वर्षे कोऱ्या जागेतच होतो, त्याची सवय आहे.

कबर पाहायला यावेसे वाटले तर जरूर या. नाशिकरोडला उतरू नका, जुन्या स्टँडला उतरा. मी न्यायला येईन.

योगिनी

---

वडगाव
२२ डिसेंबर २०२४

योगिनीताई,

परवा आम्ही दोघे सुखरूप पोचलो. तुम्ही वहीवर लिहून माझ्याशी बोललात ती अकरा पाने मी जपून ठेवली आहेत. कुसाबाईला कबरीवर हळदकुंकू वाहायचे होते. तुम्ही नको म्हणाला असतात तर तिने ऐकले असते. तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि बाजूला झालात, हे ती येताना तीनदा बोलली.

बाळाची जागा दाखवता आली नाही याचे तुम्ही वाईट वाटून घेऊ नये. वहीत आहे, तेवढे पुष्कळ.

पुस्तिका छापून आली. मी दिलेला मजकूर महेशने बदलला. 'मयत' नाही, तेवढा शब्द त्याने पाळला. झुंबर आणि सहादू ही दोन नावे आहेत आणि पुढे रेघ. रेघेखाली काही नाही. मी पहिल्या पानावरचे 'संकलक' म्हणून माझे नाव काढायला लावले. त्यासाठी पाने पुन्हा छापावी लागली. त्यावरून बोलणे झाले आणि महेश आमच्याकडे यायचा थांबला आहे. मेळाव्याला मी जाईन, पण मागे बसेन.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. झाले ते कळवतो.

निवृत्ती

---

नाशिक
२० जानेवारी २०२५

निवृत्तीभाऊ,

काल रविवारी उपासनेहून परत आले तर दारात पांढरी गाडी उभी. पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस पायरीवर बसलेला, हातात फायल. मी महेश गुंजाळ, म्हणाला. तुमच्यासारखेच कपाळ आहे त्याचे.

आत घेतले, चहा केला. घराकडे आधी तो पाहत होता, मग भिंतीवरच्या पणजीच्या फोटोकडे. तिचा तो एकच फोटो, १९४० च्या सुमाराचा, नऊवारीतला. बराच वेळ पाहून म्हणाला, आमच्या थोरल्या आत्यासारखी दिसते. मी म्हटले, ती गुंजाळांच्या रक्तातली नव्हे, सून होती.

मग त्याने फायल काढली. हक्कसोडपत्राचा मसुदा. माझ्या आणि दिनेशच्या नावाने, की वडगावच्या जमिनीत आमचा काही हक्क असल्यास तो आम्ही सोडतो. तो म्हणाला, "तुम्ही वाईट म्हणून नाय. उद्या तुमच्या-माझ्या मागं कोण काय करील सांगता येत नाय. एकदा कागद झाला की मी मोकळा."

मी चष्मा लावून वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत लिहिले होते : 'मयत मोतीराम यादव गुंजाळ यांचे थोरले पुत्र मयत सहादू, त्यांचे पुत्र मयत दाविद, यांची कन्या योगिनी.' मी विचारले, हे कोणी लिहिले? वकिलाने, म्हणाला. तसे लिहिल्याशिवाय सोडता येत नाही.

मी त्याला दिनेशशी बोलून कळवते म्हटले. दिनेश म्हणतो, तू करशील त्याला माझी सही. निघताना त्याने डिकीतून द्राक्षांची एक पेटी काढून ठेवली. नको म्हटले तर म्हणाला, काकांसाठी आणली होती, पण त्यांच्याकडे आता जाता येत नाही.

सही करू की नको, ते कायद्याने सांगा.

योगिनी

---

वडगाव
२८ जानेवारी २०२५

योगिनीताई,

कायद्याने सांगतो. सव्वाशे वर्षांनंतर असा दावा कोणतेही न्यायालय उभा करून घेणार नाही. मुदत कधीच संपली. महेशच्या वकिलाला हे ठाऊक असणार. कागदाची गरज नाही आणि तुम्ही नकार दिलात तरी महेशचे काही बिघडत नाही. हे त्याला मी लिहून कळवलेही असते, पण कळवले नाही.

कारण असे. ज्याचा हक्क नाही त्याला हक्क सोडता येत नाही. तो कागद नोंदवायचा तर आधी तुम्ही मोतीरामच्या वंशातल्या आहात हे मान्य करावे लागते, आणि नोंदवताना सोबत वंशावळ जोडावी लागते. ती प्रतिज्ञापत्रावर करायची, घरच्या कर्त्या माणसाने तहसीलदारांपुढे खरी म्हणून सही करायची. पुस्तिका भाऊबंदांच्या कपाटात राहील आणि वाळवी खाईल. ही सरकारी दप्तरात राहील.

वंशावळ लिहायला महेशला माझ्याकडे यावे लागले. रविवारी आला. मी दोन तास बसून पूर्ण पान लिहिले. झुंबर, मृत्यू १९५१. सहादू, १९६८. दाविद. योगिनी, दिनेश, पल्लवी. आमच्याकडच्या लेकीसुनाही घातल्या, त्या पुस्तिकेत नाहीत. सहादूच्या शेजारी एक चौकट केली : 'मुलगी, वय नऊ दिवस, १७ मे १९००.' महेशने त्या चौकटीवर बोट ठेवले. मी त्याला तुमची झेरॉक्स दाखवली. त्याने ती आडवी धरून पाहिली. मग खिशातून पेन काढले आणि खाली सही केली.

सही करा किंवा करू नका, ते तुमच्यावर. करायची असेल तर तेरा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा, चांदवडची निबंधक कचेरी. दोघांची आधार कार्डे आणि दोन-दोन फोटो आणावेत. जेवायला वडगावला यावे लागेल, कुसाबाईने तसे बजावले आहे.

निवृत्ती

---

नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

निवृत्तीभाऊ,

कुसावहिनींनी बांधून दिलेल्या कुरडया आणि नागलीचे पापड व्यवस्थित पोचले. दिनेशने निम्मे नेले. वडगाव कसे आहे असे पल्लवीने फोनवर विचारले, तर तो विहिरीपासून सांगत बसला, मला बोलूच दिले नाही.

तुम्ही आणि वहिनी बाहेर बाकावर बसला होता, आत काय झाले ते जेवताना सांगायचे राहून गेले. सगळ्यांसमोर सांगावेसेही वाटले नाही.

आत संगणकावर एक मुलगी बसली होती, महेशच्या थोरल्या मुलीएवढी. तिने आधी माझा फोटो घेतला, अंगठा घेतला. मग दिनेशचा. मग महेशला पुढे बोलावले. आमच्यामागे रांग होती, म्हणून ती भराभर विचारत होती. नाव, वय, धंदा. कागदावरची आडनावे वेगळी पाहून ती थांबली आणि विचारले, लिहून देणार वडगावकर, घेणार गुंजाळ, हे कसे? महेशने तुमची वंशावळ पुढे सरकवली. तिने ती वाचली नाही. एवढे वाचायला वेळ नाही, तोंडी सांगा म्हणाली. माझ्याकडे बोट करून विचारले, "या तुमच्या कोण?"

मला वाटले तो वकिलाकडे बघेल. त्याने बघितले नाही. कागदाकडेही बघितले नाही.

"आत्या," म्हणाला.

तिने मान वर न करता ते टाइप केले आणि आत्याचा पत्ता विचारला. तो त्यानेच सांगितला, घर नंबर, गल्ली, पिनकोडसकट. एकदाच आला होता, तरी पाठ होता.

योगिनी